आजी डेबियन, लेक उबुंटू, नात मिंट



आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून मुलीच्या कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घेतला. चार महिन्यांत तो इतका मंद झाला की सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागायची. दुरुस्तीवाला म्हणाला, "आता नवीनच घ्या." पण जुन्याचेच हप्ते फिटले नव्हते! तेव्हा मुलीच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "विंडोज काढून लिनक्स टाकून बघा." लिनक्स म्हणजे काय, हे शोधताना कळलेली गोष्ट आज सांगते.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ठरवलं, की कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली सर्वांना वापरता, बदलता आणि वाटता आली पाहिजे. त्या कामाचं नाव ग्नू. बरंच तयार झालं, पण मधला गाभा राहिला होता. तो १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने लिहिला. लिनस टोरवाल्ड्स, वय २१. त्यानेही आपला कॉम्प्युटर हप्त्यांनीच घेतला होता, बरं का! पुढच्याच वर्षी त्याने तो गाभा ग्नूच्याच परवान्याखाली सगळ्यांना खुला केला.

पण नुसत्या गाभ्याने काम होत नाही. मिरची तीच, तरी प्रत्येक घरचा मसाला वेगळा असतो ना? तसे लिनक्सचे वेगवेगळे संच झाले. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, दोघांची नावं जोडून हे नाव झालं. डेबियन आजही स्वयंसेवक सांभाळतात. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी डेबियनवरून उबुंटू काढला. सुरुवातीची काही वर्षं त्याची सीडी टपालाने फुकट घरी यायची. २००६ मध्ये उबुंटूवरून मिंट आला. म्हणजे आजी, लेक आणि नात!

मग मुलांसाठी कोणता घ्यायचा? नव्याने शिकणाऱ्याला मिंट सोपा, कारण त्याची मांडणी विंडोजसारखी दिसते. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्राला मिंटचाच हलका प्रकार, एक्सएफसीई, बरा. नवं यंत्र असेल तर उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्या. तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. लिहिण्यासाठी, हिशोबासाठी लिबरऑफिस आहे. मराठी टंकलेखनही होतं.

पण आधी कॉलेजात विचारा. टॅली विंडोजवर चालतं. अभ्यासक्रमात ते असेल तर विंडोज काढू नका. जुन्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स आधी चालवून पाहता येतो. वायफाय, आवाज, कॅमेरा नीट चालतोय ना, ते बघा. पटलं तरच कायमचा टाका.

ताईंच्या लेकीने तसंच केलं. तिचा कला शाखेचा अभ्यास, त्यामुळे टॅलीची अडचण नव्हती. दोन दिवस ती गोंधळली, मग सरावली. मागच्या महिन्यात ताईंनी शेवटचा हप्ता भरला. दुसरं कर्ज काढावं लागलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, "नवीनच घ्या" असं कुणी म्हणालं, तर कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी एक पेन ड्राइव्ह लावून बघा.