आत्म्यांची पारख

आत्म्यांची पारख ही ख्रिस्ती अध्यात्मातील एक संकल्पना आहे. मनात उमटणाऱ्या शांती, आनंद, अस्वस्थता वा उदासी यांचे मूळ तपासून ईश्वराची इच्छा ओळखणे आणि तिच्या आधारे जीवनातील निर्णय घेणे, असा तिचा अर्थ आहे. या संकल्पनेची सर्वांत पद्धतशीर मांडणी येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी केली.

बायबलमधील आधार

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:१५) ख्रिस्ताच्या शांतीने अंतःकरणात राज्य करावे, असे सांगितले आहे. येथील मूळ ग्रीक क्रियापदाचा संबंध क्रीडास्पर्धेत निवाडा देणाऱ्या पंचाच्या कामाशी आहे. शांती हा अंतरीचा पंच आहे, ही कल्पना त्यातूनच रूढ झाली. मात्र हे वचन मंडळीतील ऐक्याच्या संदर्भात आले आहे, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करण्याची सूचना आहे.

उगम

२० मे १५२१ रोजी स्पेनमधील पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. लोयोला येथील घरी अंथरुणास खिळून असताना त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतांची चरित्रे वाचली. दरबारी पराक्रमाच्या कल्पना रंगवताना त्यांना सुख वाटे, पण नंतर मन कोरडे होई. संतांचे अनुकरण करण्याच्या विचारानंतर मात्र समाधान टिकून राही. या फरकाचे निरीक्षण हा पुढील सर्व नियमांचा पाया ठरला. मान्रेसा येथील वास्तव्यात (१५२२–२३) त्यांनी केलेल्या टिपणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. पोप पॉल तिसरे यांच्या मान्यतेने तो १५४८ मध्ये लॅटिनमध्ये छापला गेला.

नियम

ग्रंथात पारखेचे एकूण २२ नियम असून त्यांपैकी १४ पहिल्या व ८ दुसऱ्या आठवड्याच्या साधनेसाठी आहेत. श्रद्धा, आशा व प्रीती वाढविणाऱ्या अवस्थेस ‘सांत्वन’, तर मनाला अंधार व निरुत्साहाकडे नेणाऱ्या अवस्थेस ‘विषण्णता’ म्हटले आहे. विषण्णतेच्या काळात पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांतील प्रसिद्ध नियम होय.

शांती हे ईश्वरी संमतीचे निरपवाद चिन्ह आहे, असे इग्नेशियस मानत नाहीत. पापाकडे झुकलेल्या माणसाला दुष्ट आत्मा सुखाच्या कल्पनांत गुंतवून ठेवतो, तर चांगला आत्मा त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला टोचणी लावतो. अशा वेळी अस्वस्थताच हितकर असते. सन्मार्गावरील माणसाच्या बाबतीत चांगल्या आत्म्याचा स्पर्श स्पंजावर पडणाऱ्या थेंबासारखा मृदू, तर वाईट आत्म्याचा दगडावर आदळणाऱ्या पाण्यासारखा असतो.

निर्णयप्रक्रिया

निवडीचा विषय स्वतः नैतिकदृष्ट्या निषिद्ध नसावा, ही पूर्वअट आहे. निवडीचे तीन काळ सांगितले आहेत: निःसंशय प्रेरणेचा, सांत्वन व विषण्णता यांच्या अनुभवाचा आणि शांत मनाने विचार करण्याचा. तिसऱ्या काळात लाभ-हानी पडताळावी, अनोळखी व्यक्तीला आपण काय सल्ला दिला असता व मृत्यूसमयी कोणता निर्णय घेतलेला आवडेल, याचा विचार करावा आणि झालेला निर्णय प्रार्थनेत ईश्वरापुढे ठेवावा, असे सांगितले आहे.

सामूहिक पारख व गोव्याशी संबंध

१५३९ मध्ये इग्नेशियस व त्यांच्या सोबत्यांनी रोममध्ये सुमारे तीन महिने विचारविनिमय केला. एकाच्या आज्ञेत राहावे काय, या प्रश्नावर त्यांनी विरोधातील व बाजूची कारणे वेगवेगळ्या दिवशी मांडली. त्यातून १५४० मध्ये येशू संघाला मान्यता मिळाली. या सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे थॉमस स्टीफन्स याच संघाचे होते.

टीका

‘मला शांती वाटते’ एवढ्यावर घेतलेला निर्णय स्वतःच्या इच्छेलाच ईश्वराची इच्छा ठरवू शकतो, असा आक्षेप आहे. ईश्वराच्या आज्ञेपासून पळणारा योना वादळात गाढ झोपला होता, तर गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ झाले होते, ही उदाहरणे त्यासाठी दिली जातात. म्हणूनच बहुतेक ख्रिस्ती परंपरा अंतरीच्या शांतीस शास्त्रवचन, विवेक आणि अनुभवी मार्गदर्शकाचा सल्ला यांची जोड आवश्यक मानतात.