अकराला एक मिनिट कमी

११ नोव्हेंबर १९१८, फ्रान्स

पहाटे ५ नंतर
कोम्पियेन्यच्या जंगलात उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात जर्मन शिष्टमंडळाने पहिले महायुद्ध थांबवणाऱ्या शस्त्रसंधीवर सह्या केल्या. लढाई मात्र थांबायची होती सकाळी ११ वाजता. बोलणी चालू असेपर्यंत तरी गोळीबार थांबवा, ही जर्मनांची विनंती दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती मार्शल फॉश यांनी तीन दिवसांपूर्वीच धुडकावली होती. आघाडी शेकडो मैलांची, निरोप पोचायला वेळ हवा, हे मान्य. पण निरोप पोचल्यावरही माणसे का मारली गेली, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

सकाळी ६ च्या सुमारास
बातमी मोठ्या मुख्यालयांत पोचली होती. अमेरिकी सरसेनापती जनरल पर्शिंग यांना ही शस्त्रसंधी मुळातच पसंत नव्हती. जर्मनीने बिनशर्त शरण यावे, असे त्यांचे मत. त्यांच्या आदेशात ११ वाजता थांबा, एवढेच होते. तोवर पुढे जायचे की आहे तिथे बसून राहायचे, याबद्दल चकार शब्द नाही. मग ज्या त्या सेनाधिकाऱ्याने आपल्या मनाने ठरवले.

९.३०
बेल्जियममधल्या मोन्सजवळ जॉर्ज एलिसन हा ब्रिटिश शिपाई पडला. १९१४ मध्ये याच भागात तो पहिल्या लढाया लढला होता.

त्याच सुमारास लोरेनमध्ये अमेरिकेची ३१३वी पायदळ रेजिमेंट बंदुकांना संगिनी लावून दाट धुक्यात, दलदल तुडवत निघाली. तिच्यात होता हेन्री गुंथर. वय २३, गाव बाल्टिमोर, घराणे मूळचे जर्मन. सैन्यात येण्यापूर्वी तो बँकेत कारकून होता. १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीत त्याचे नाव निघाले. हिशेबाला पक्का असल्यामुळे असेल, पण त्याच्याकडे सामानसुमानाचे काम आले आणि तो सार्जंट झाला. मग त्याने मित्राला एक पत्र लिहिले : इथले हाल फार आहेत, जमेल तर भरती टाळ. पत्र सेन्सॉरच्या हाती पडले. फिती गेल्या, गुंथर साधा शिपाई झाला. खरे बोलल्याची ही शिक्षा होती, असेच मला वाटते. सोबत्यांच्या सांगण्यानुसार त्या दिवसापासून तो घुमा झाला. धोक्याच्या कामाला आपणहून पुढे होऊ लागला. जर्मनीशी लढणारे सैन्य जर्मन रक्ताच्या पोराकडे आधीच संशयाने बघत होते. त्याला तो डाग पुसायचा होता.

१०.४४
धावत आलेल्या निरोप्याने रेजिमेंटला बातमी दिली. उरली होती १६ मिनिटे. ब्रिगेडप्रमुख जनरल निकल्सन यांचा हुकूम होता, की अकरापर्यंत जराही ढिलाई नको.

१०.५० च्या आसपास
म्यूज नदीकाठी ऑग्युस्तँ त्रेब्युशाँ हा फ्रेंच निरोप्या गोळी लागून गेला. साडेअकराला जेवण मिळेल, एवढाच निरोप त्याच्याजवळ होता.

१०.५८
बेल्जियममध्ये जॉर्ज प्राइस हा कॅनेडियन शिपाई पडला.

१०.५९
शोमाँ-दव्हाँ-दाँव्हिलेर गावाजवळ रस्ता अडवून जर्मनांच्या दोन मशीनगन बसल्या होत्या. त्यांच्या गोळ्या डोक्यावरून गेल्या तसे गुंथर आणि सार्जंट अर्नेस्ट पॉवेल जमिनीला चिकटले. मग सगळे शांत झाले. आणि गुंथर उठला. पॉवेल त्याचा जिवलग मित्र. तो ओरडून थांब म्हणत राहिला. गुंथर संगीन रोखून धावत सुटला. समोरच्या जर्मनांनाही युद्ध संपल्याचे ठाऊक होते. त्यांनी हात हलवून मागे फिर म्हणून सांगितले. तो थांबला नाही, त्याने एकदोन गोळ्याही झाडल्या. तेव्हा मशीनगनची एक छोटी फैर आली आणि तो जागीच कोसळला.

११.००
गोळीबार बंद.

नंतर
पर्शिंग यांच्या सैन्याने गुंथरची नोंद युद्धात पडलेला अखेरचा अमेरिकन अशी केली. सार्जंटपद मरणोत्तर परत दिले, शौर्यपदकही दिले. १९२३ मध्ये त्याचा देह बाल्टिमोरला नेऊन पुरला. त्रेब्युशाँच्या क्रॉसवर मात्र फ्रेंच लष्कराने मृत्यूची तारीख १० नोव्हेंबर घातली.

त्या एका दिवसात सर्व बाजूंचे मिळून सुमारे ११ हजार सैनिक मारले गेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, असा अंदाज आहे. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने सेनाधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला. शिक्षा कुणालाच झाली नाही.