खाडिलकरांच्या पणत्या

दिवाळीचा फराळ आटोपला, की ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे नि प्यादी. या सैन्यात बाईमाणूस औषधालाही नाही! आपलाच हा डाव इराण, अरबस्तान ओलांडून युरोपात गेला, आणि तेथे वजिराची राणी झाली. आरंभी एकच घर तिरके सरकणाऱ्या या मोहऱ्याला १५ व्या शतकाच्या अखेरीस पटभर धावण्याची मुभा मिळाली. ती चाल पुढे आपल्याकडेही रूढ झाली. नाव मात्र वजीरच राहिले.

पटासमोर बसणाराही बहुधा पुरुषच. हा संकेत मोडला मुंबईच्या तिघी बहिणींनी. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या कन्या, म्हणजे ‘कीचकवध’कर्त्या कृष्णाजी प्रभाकरांच्या पणत्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी यांनीही तो मान मिळवला. १९७६ साली १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठा गदारोळ उठला. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांचे दार बंद करता येणार नाही.

त्या उघड्या दारातून कोण कोण आत आले! २०२५ च्या जुलैत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

वाचकहो, यंदा भाऊबीजेला ओवाळणी घालून झाली, की बहिणीसमोर पट मांडा. पांढरी मोहरी तिला द्या. पहिली चाल तिची असू द्या. हरलात, तर रुसू मात्र नका!