कोण आलं, कुठून आलं : वेबसाइटवरचे पाहुणे मोजण्याची गोष्ट



आज आपण गार्चिंगला आलो आहोत. म्युनिकहून यू-६ पकडून शेवटपर्यंत बसून राहिलात की गार्चिंगचं संशोधन केंद्राचं स्टेशन लागतं. २००६ साली मेट्रो इथवर आली आणि त्याच वर्षी लाइबनित्स संगणक केंद्रही म्युनिक शहरातून इथे राहायला आलं. १९६२ साली स्थापन झालेलं हे केंद्र म्युनिकच्या विद्यापीठांचं संगणकाचं जाळं सांभाळतं. तुमच्या घरातलं कोणी इथे टीयूएममध्ये शिकत असेल, तर त्याचं रोजचं इंटरनेट याच जाळ्यातून येत असणार.

आता एक साधा प्रश्न. तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा तिकडच्या संगणकाला काय कळतं?

तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या गावच्या मराठी मंडळाची वेबसाइट सांभाळतात. गणपतीच्या आधी बैठकीत कोणीतरी विचारतंच, "किती लोकांनी पाहिलं हो? आणि आले कुठून?" हा प्रश्न मात्र इंटरनेटपेक्षा फार जुना आहे.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात, तर तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय अजूनही वही काढतात. आडनाव सांगा, मूळ गाव सांगा, की पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते पान उघडतं. जुन्या पानांवर मोडी अक्षरं असतात. कोण आलं, कुठून आलं, कोणाबरोबर आलं, हे सगळं तिथे आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा : पाहुण्याला माहीत असतं की आपलं नाव लिहिलं जातंय. पुष्कळदा तो स्वतःच्या हातानं लिहितो आणि खाली सही करतो.

वेबसाइटची वही वेगळी. ती आपोआप लिहिली जाते. १९९० च्या दशकात वेब सुरू झालं तेव्हापासून प्रत्येक सर्व्हर एक नोंद ठेवत आला आहे : कोणत्या आयपी पत्त्यावरून मागणी आली, किती वाजता आणि कोणतं पान हवं होतं. याच्या जोडीला ब्राउझर आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे आधी तुम्ही कोणत्या पानावर होतात. या माहितीला 'रेफरर' म्हणतात. गंमत म्हणजे मे १९९६ मध्ये वेबचे नियम लिहून प्रसिद्ध झाले, त्यात या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगच चुकलं. मध्ये 'आर' दोनदा हवा, तो एकदाच पडला. ती चूक आजही जगभरच्या संगणकांत तशीच चालू आहे.

नोंद होती, पण ओळख नव्हती. काल आलेला आणि आज आलेला माणूस एकच की वेगळा, हे कळत नव्हतं. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी 'कुकी' आणली. ब्राउझरमध्ये ठेवलेली ही एक छोटी चिठ्ठी. तिचा पहिला उपयोग काय होता? नेटस्केपच्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, हे तपासणं! म्हणजे वहीत मागचं पान उलटून बघणंच.

पुढे अमेरिकेत सॅन दिएगोच्या 'अर्चिन' नावाच्या कंपनीनं या नोंदींचे तक्ते करून देणारं सॉफ्टवेअर बनवलं. २००५ साली गूगलनं ती कंपनी विकत घेतली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये 'गूगल अ‍ॅनालिटिक्स' फुकट दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लांबलचक लिंकच्या शेपटीत कधी 'यूटीएम' ही तीन अक्षरं दिसतात ना? त्यातला 'यू' म्हणजे अर्चिनचं इंग्रजीतलं पहिलं अक्षर. कंपनी गेली, अक्षर राहिलं. ही लिंक कोणत्या जाहिरातीतून किंवा पत्रातून आली, हे त्या शेपटीवरून कळतं.

आता आपण जिथे राहतो त्या देशाची गोष्ट. फुकटच्या या सोयीवर इतका वाद जर्मनीतच का झाला?

त्याचं मूळ एका जनगणनेत आहे. एप्रिल १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणना होणार होती. लोक चिडले, बहिष्काराची हाक दिली गेली. या चिडण्यामागे जुनी जखम होती : मे १९३९ च्या जनगणनेत नाझी सरकारनं लोकांच्या आजी-आजोबांचा वंश विचारला होता. मोजणी आणि छळ यांतलं अंतर किती कमी असू शकतं, हे या देशानं पाहिलं होतं. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयानं आधी जनगणना थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ ला निकाल दिला : आपली माहिती कोणाला आणि किती द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. न्यायालयाचा युक्तिवाद साधा होता. आपल्याबद्दल कुठे काय लिहून ठेवलंय हे ज्याला ठाऊक नसतं, तो माणूस सभेला जाताना किंवा मत मांडताना कचरतो. शेवटी १९८७ साली, बदललेल्या नियमांनी, ती जनगणना झाली.

वेबसाइटच्या वहीला हाच न्याय लागला. २०११ साली हॅम्बुर्गच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी गूगल अ‍ॅनालिटिक्स वापरायला अटींवर मुभा दिली. त्यातली एक अट अशी की आयपी पत्त्याचा शेवटचा भाग पुसायचा. पाट्रिक ब्रायर नावाच्या कायदेतज्ज्ञानं तर सरकारलाच न्यायालयात खेचलं होतं. सरकारी वेबसाइट पाहणाऱ्याचा आयपी पत्ता का साठवून ठेवता, हा त्याचा सवाल. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय न्यायालयानं सांगितलं की सतत बदलणारा आयपी पत्तासुद्धा वैयक्तिक माहिती ठरू शकतो, जर त्यावरून माणूस शोधण्याचा कायदेशीर मार्ग वेबसाइटवाल्याकडे असेल.

आणि आपल्या शेजारचंच प्रकरण : २० जानेवारी २०२२ ला म्युनिकच्या न्यायालयानं एका वेबसाइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्यानं साइटवरची अक्षरं गूगलच्या सर्व्हरवरून आणली होती, त्यामुळे पाहुण्याचा आयपी पत्ता न विचारता अमेरिकेत गेला. त्यानंतर त्या वर्षी छोट्या दुकानांना आणि संस्थांना वकिलांच्या नोटिसांचा पाऊस पडला. म्हणून म्हणते, मंडळाची साइट छोटी आहे म्हणून बेफिकीर राहू नका.

भारतातही २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ साली माहिती-संरक्षणाचा कायदा झाला. म्हणजे दोन्ही घरी आता वारं एकाच दिशेनं वाहतंय.

मग मोजायचंच नाही का? मोजा की! पण आकड्यांचा अर्थ समजून घ्या. 'सेशन' म्हणजे माणूस नव्हे, ती एक भेट. साधारणपणे अर्धा तास काहीच हालचाल झाली नाही, तर भेट संपली असं धरतात. कार्यक्रमपत्रिका उघडून तुम्ही पुरणपोळ्या लाटायला गेलात आणि तासाभरानं परत आलात, तर एकाच्या दोन भेटी होतात. आजोबांनी टॅबवर आणि सुनेनं फोनवर पाहिलं, तर माणसं दोन, पण दोघं एकाच टॅबवर बसले तर एक!

'डायरेक्ट' असं लिहिलेलं दिसलं की लोकांनी पत्ता पाठ करून टाइप केला, असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या लिंकला बहुतेक वेळा रेफरर नसतो, ती याच खात्यात पडते. आपल्या मंडळांचं निम्मं जग व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, तेव्हा हा आकडा मोठा दिसला तर नवल नाही. शिवाय कुकीला 'नको' म्हणणारे अशा मोजणीत पुरते येतच नाहीत. म्हणजे जर्मनीतला आकडा कमी दिसला, याचा अर्थ लोक कमी आले असा होईलच असं नाही.

बैठकीत खरं तर एवढंच कळायला हवं असतं : कार्यक्रमाचं पान लोकांपर्यंत पोचलं का, आणि कोणत्या वाटेनं? त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. 'मातोमो'सारखं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं, पत्त्याचा शेवट पुसता येतो, जुन्या नोंदी ठराविक काळानं काढून टाकता येतात. या आठवड्यात साइट सांभाळणाऱ्या दादांना किंवा ताईंना तीन गोष्टी विचारा : आपण काय लिहून ठेवतो, किती दिवस ठेवतो आणि पाहुण्याला ते सांगतो का?

आणि सुट्टीत देशात गेलात, तर मुलांना नाशिकला न्या. वहीत त्यांचं नाव त्यांच्याच हातानं लिहू द्या, आणि गावाच्या जागी 'गार्चिंग' लिहायला सांगा. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते पान उघडेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!