एका केबलची कुळकथा

2 एप्रिल 1987 रोजी आयबीएमने पीएस/2 ही नवी संगणकमाला बाजारात आणली आणि स्वतःच्याच जुन्या गिऱ्हाइकांची पंचाईत करून ठेवली. तोवरच्या पीसीमध्ये सव्वापाच इंची, हातात धरली की वाकणारी फ्लॉपी चालत असे. पीएस/2ला लागे साडेतीन इंची, कडक कवचातली. जुनी फ्लॉपी नव्या खाचेत शिरतच नव्हती. वर्षानुवर्षांचे हिशेब, पत्रव्यवहार आणि याद्या जुन्या यंत्रात अडकलेल्या, नवं यंत्र शेजारच्या टेबलावर रिकामं.

तसं पाहिलं तर माप एक असतं तरी काम सुखाचं नव्हतंच. 20 एमबीची हार्ड डिस्क 360 केबीच्या फ्लॉप्यांवर उतरवायची तर 57 फ्लॉप्या हव्यात, आणि मधली एखादी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून.

आयबीएमला हा पेच नवा नव्हता. 1964मध्ये सिस्टीम/360 आली तेव्हा जुन्या 1401 यंत्रांवर पोसलेल्या कार्यालयांनी हाच प्रश्न केला होता. तेव्हा कंपनीने नव्या यंत्रालाच जुन्याची नक्कल करायला शिकवलं. जुने प्रोग्रॅम आहेत तसे चालू लागले, गिऱ्हाईक टिकलं. 1987मध्ये मात्र सामान हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाहेरून जोडायचा जुन्या मापाचा ड्राइव्ह विकत मिळे, पण त्याहून स्वस्त तोडगा होता प्रिंटरची केबल. जुन्या संगणकाच्या प्रिंटर केबलला आयबीएमचा एक छोटा अडॅप्टर लावायचा आणि तो पीएस/2च्या प्रिंटर पोर्टात खुपसायचा. पीएस/2चं पोर्ट माहिती बाहेर पाठवण्याबरोबर आतही घेऊ शके. प्रवास अर्थातच एकेरी होता, जुन्यातून नव्यात. नवं यंत्र घेतल्यावर कुणी मागे कशाला जाईल, असा आयबीएमचा हिशेब असावा.

दुहेरी रस्ता बांधला तो एका छोट्या कंपनीने. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ मार्क एप्ली यांची ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर ही कंपनी मांडीवरच्या संगणकांसाठी प्रोग्रॅम विकत असे. टेबलावरचा संगणक एका मापाचा, लॅपटॉप दुसऱ्या मापाचा, ही अडचण तिच्या गिऱ्हाइकांना रोजचीच. तिच्या लॅपलिंकने दोन्ही यंत्रं केबलने जोडली आणि पडद्यावर दोघांच्या फायली शेजारीशेजारी मांडल्या. अल्पावधीत कोणत्याही कंपनीच्या तसल्या केबलला लोक ‘लॅपलिंक केबल’च म्हणू लागले.

तिच्यातली करामत बघण्यासारखी आहे. साध्या पीसीच्या प्रिंटर पोर्टात माहिती बाहेर नेणाऱ्या 8 तारा होत्या, पण आत येणाऱ्या फक्त 5. ‘कागद संपला’, ‘प्रिंटर गुंतला आहे’ असले निरोप आणायला. लॅपलिंक केबलने एका यंत्राच्या बाहेर जाणाऱ्या 5 तारा दुसऱ्याच्या या 5 निरोप्या तारांना उलटसुलट जोडल्या. चार तारांवरून अर्धा बाइट जायचा आणि पाचवीवरून ‘पाठवला’, ‘मिळाला’ एवढीच खूण. म्हणजे ‘कागद संपला’ सांगणाऱ्या तारेवरून कुणाचा तरी ताळेबंद नव्या घरी चालला होता.

1993मध्ये मायक्रोसॉफ्टने हीच सोय एमएस-डॉस 6मध्ये फुकट दिली. तिच्यात एक गंमत होती. पलीकडच्या संगणकावर हा प्रोग्रॅमच नसेल तर? मग सिरियल केबल जोडून त्याच्यावर दोन आज्ञा टाइप करायच्या. दुसरी होती सीटीटीवाय. ती दिली की तो संगणक आपला कीबोर्ड जुमानत नसे, केबलमधून येईल ते टाइप केलेलं समजे, आणि अलीकडचं यंत्र त्याच्यात स्वतःची प्रत उतरवून घेई.

यूएसबीने पुन्हा खोडा घातला. यूएसबीत एक मालक आणि बाकी सगळे चाकर, आणि संगणक म्हणजे दोन्हीकडे मालकच. त्यामुळे दोन संगणक जोडणाऱ्या यूएसबी केबलच्या पोटात एक चिप बसवावी लागली. ती दोघांनाही आपण चाकर असल्याचं भासवते. 2007च्या विंडोज व्हिस्टासोबत अशा केबली खपल्या. 2014मध्ये एक्सपीचा आधार काढून घेताना मात्र मायक्रोसॉफ्टने लोकांना स्थलांतरासाठी दुसऱ्याच कंपनीच्या दारी पाठवलं. ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअरच्या. तोवर तिने आपल्या केबलचंच नाव घेतलं होतं, लॅपलिंक.

बाइट हलवण्याचा प्रश्न असा सुटत गेला. मराठी मजकुराचा प्रश्न मात्र फायली सुखरूप पोचल्यावर सुरू व्हायचा. नव्या संगणकावर फाइल उघडावी तर रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांचा खच. बाइट एकही हरवलेला नसे, फक्त फाँट मागे राहिलेला असे. डीटीपीच्या जमान्यातले देवनागरी फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. इस्की हे भारतीय प्रमाणक 1991मध्ये आलं, युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण छापखान्यांतली कामं जुन्याच फाँटांवर चालू राहिली.

फाँट शोधून टाकला तर फाइल दिसू लागे. ती युनिकोडमध्ये आणायची म्हटलं की खरी कसोटी. जुने फाँट अक्षरं डोळ्यांना दिसतील त्या क्रमाने साठवत. ‘कविता’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, ‘व’ मागून. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो: आधी ‘व’, मग वेलांटी. ‘वर्ष’मधला रफार जुन्या फाँटात ‘ष’च्या नंतर, युनिकोडमध्ये ‘ष’च्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला दर शब्दात ही उचलाउचल करावी लागते. जोडाक्षर आलं की वेलांटी किती अक्षरं ओलांडून न्यायची, हेही त्यालाच ठरवावं लागतं. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी अर्ध्या ‘स’च्याही आधी बसलेली असते. तिथे प्रोग्रॅम चुकला तर वेलांटी ‘स’लाच चिकटते आणि मुद्रितशोधकाला ती हाताने हलवावी लागते.