मतदारसंघांच्या हद्दी व त्यांचे संगणकीय नकाशे

ताम्रपट वाचणारास आघाटांचें महत्त्व निराळें सांगावयास नको. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत दत्त ग्रामाच्या पूर्वेस काय, दक्षिणेस काय, हें क्रमानें सांगून मग तो ग्राम ‘चतुराघाटनोपलक्षित’ म्हणून निर्दिष्ट केलेला असतो. मराठेशाहींतील हद्दीच्या महजरांत ओढा, झाड, रोवलेला धोंडा यांची साक्ष असते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेवर वड, पिंपळ, पळस यांसारखे वृक्ष लावावे व भूमींत विटा, कोळसे, खापऱ्या पुराव्या असें सांगितलें आहे. कारण वरच्या खुणा नाहींशा झाल्या तरी पोटांतील खूण बोलते. या सर्वांचें तात्पर्य एकच. हद्द प्रथम शब्दांत असते. रेषा मागाहून येते. आजच्या मतदारसंघांनाही हाच न्याय लागू आहे, आणि त्यांचे नकाशे काढूं पाहणारानें तो विसरल्यास काय अनर्थ होतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भारतांत मतदारसंघांचें परिसीमन करण्याकरितां १९५२, १९६२, १९७२ व २००२ सालीं कायदे झाले. शेवटच्या कायद्याखालीं न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग बसला व त्याची आज्ञा २००८ सालीं अमलांत आली. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर विधानसभेच्या जागा १९६२ च्या निवडणुकींत २६४, १९६७ मध्यें २७० व १९७८ पासून २८८ झाल्या; लोकसभेच्या अनुक्रमें ४४, ४५ व (१९७७ पासून) ४८. म्हणजे आजच्या रचनेंत दर लोकसभा मतदारसंघांत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. २००१ च्या जनगणनेंत राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती; तीस २८८ नीं भागतां सरासरी सुमारें ३,३६,००० येते.

आयोगाच्या आज्ञेस कायद्याचें बळ असतें, आणि ती आज्ञा म्हणजे एक सारणी होय. तींत मतदारसंघाचें नांव व पुढें त्याचा विस्तार दिलेला असतो : अमुक तालुका; किंवा अमुक तालुक्याचा भाग, त्यांतील अमुक महसुली मंडळें, अमुक सझे, अमुक नगरपरिषद; अथवा महानगरपालिकेचे अमुक क्रमांकांचे वॉर्ड. नकाशा काढणें म्हणजे या सूत्रावर भाष्य लिहिणें. भाष्यकारास जसें सूत्राबाहेर जातां येत नाहीं, तसेंच येथेंही आहे.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर प्रस्तुत लेखकानें हा छंद धरला. साधनें आज सर्वांस विनामूल्य मिळतात. क्यूजीआयएस नांवाची संगणक-प्रणाली २००२ सालीं गॅरी शर्मन यांनीं सुरू केली. डेटामीट या स्वयंसेवी मंडळीनें भारतांतील मतदारसंघांच्या हद्दी कोणासही वापरतां येतील अशा स्वरूपांत प्रसिद्ध केल्या आहेत. कृति अशी. प्रत्येक गांवाची हद्द एक बंद आकृति म्हणून घ्यावी व तिच्या नोंदींत जनगणनेचा गांव-क्रमांक ठेवावा. आज्ञेंतील शब्द वाचून प्रत्येक गांवापुढें मतदारसंघाचा क्रमांक लिहावा. मग एका क्रमांकाच्या गांवांमधील आंतल्या रेषा यंत्राकडून पुसवाव्या. उरते ती मतदारसंघाची हद्द. दोन शेजारी मतदारसंघांची सामाईक रेषा दोनदां काढूं नये, एकदांच काढावी. दोनदां काढल्यास मध्यें बारीक फटी राहतात किंवा पट्टे एकमेकांवर चढतात, आणि कित्येक शेतें दोहोंकडे किंवा कोठेंच नाहींत अशी अवस्था होते.

जेथें मतदारसंघ अखंड तालुक्यांचा आहे तेथें काम सोपें. अक्कलकुवा मतदारसंघ म्हणजे अक्कलकुवा व अक्राणी हे दोन तालुके. इंदापूर म्हणजे इंदापूर तालुका. इंदापुराच्या बाबतींत तर विंगेट व गोल्डस्मिड यांनीं १८३५ पासून त्याच तालुक्यांत पाहणीचें काम आरंभिलें होतें. त्या पाहणीच्या परंपरेंतून आलेले गांवनकाशे या कामाचा पाया आहेत. अडचण येते ती शहरांत. सारणींतील वॉर्डक्रमांक ज्या वॉर्डरचनेचे, ती रचना पुढच्याच महापालिका निवडणुकीस बदलते. पुण्याच्या हद्दींत २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें आलीं. आजचा वॉर्डनकाशा पुढें ठेवून २००८ चे क्रमांक लावूं गेल्यास अंक जुळतो, भूमि जुळत नाहीं. म्हणूनच २००८ च्या आज्ञेंतील तालुके, मंडळें व वॉर्ड १५ फेब्रुवारी २००४ रोजीं जसे होते तसेच समजावयाचे, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. परंतु डहाणू, वसई इत्यादि मतदारसंघ आज्ञेच्या सारणींत ठाणे जिल्ह्याखालींच सांपडतात.

नामसाम्याचा मोह याहून घातक आहे. पुण्यांत भवानी पेठ, बोपोडी, मुळशी हे जुने मतदारसंघ २००८ सालीं गेले व कोथरूड, खडकवासला, हडपसर, वडगांव शेरी हे नवे आले. हा बदल कोणाच्याही लक्षांत येतो. पण शिवाजीनगर, पर्वती, कसबा पेठ हीं नांवें टिकलीं आणि हद्दी बदलल्या. २००४ च्या व २००९ च्या निकालांची नुसत्या नांवावरून तुलना करणारा अभ्यासक दोन निराळ्या भूमींची तुलना करीत असतो. लोकसभेचे कुलाबा, राजापूर, खेड, कऱ्हाड, पंढरपूर, इचलकरंजी, एरंडोल हे मतदारसंघ तर नांवासकट लुप्त झाले. जिल्ह्यांचीं नांवेंही स्थिर नाहींत : १९५१ च्या कागदांत दक्षिण सातारा आहे तो १९६० पासून सांगली झाला, कुलाब्याचा १९८१ सालीं रायगड झाला.

शब्द व प्रत्यक्ष हीं दोन्ही प्रमाणें जेथें अपुरीं पडतात तेथें अनुमानाचा आश्रय करावा लागतो. राफाएल सुसेविंड या संशोधकानें २०१४ सालीं मतदानकेंद्रांच्या स्थानांवरून भारतांतील मतदारसंघांचे नकाशे सिद्ध केले. या मार्गानें मोठें काम थोड्या वेळांत होतें. मात्र केंद्र हा बिंदु आहे. दोन बिंदूंच्या मध्यें हद्द कोठून गेली हें बिंदु सांगत नाहीं. अनुमानाची रेषा व आज्ञेची रेषा एकाच शाईनें काढली जाऊं नये, एवढाच आग्रह. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत (१९६६ सालीं पूर्ण) कमी निश्चित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली आहे. त्या एका रेघेमुळें वाचकाला संपादकाच्या निश्चयाची मात्रा कळते. संगणकीय नकाशांतही संशयित हद्द तुटक काढावी आणि तिच्या नोंदींत प्रमाण, कोणत्या तारखेची स्थिति गृहीत धरली तें, व रेषा काढणाराचा अभिप्राय हीं तीन लिहावीं. छापील नकाशास हें सारें पेलत नाहीं. संगणकीय नकाशास सहज पेलतें. हाच त्याचा खरा विशेष होय. रंगांची शोभा गौण आहे.

आतां या कामाची निकड. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें जागांची संख्या गोठविली. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनें ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असल्याची अधिसूचना २०२५ सालीं निघाली. म्हणजे २००८ च्या हद्दीही आज ना उद्या १९५१ व १९७६ च्या हद्दींच्या रांगेंत जाऊन बसणार. आज्ञेचे शब्द राजपत्रांत राहतील. पण ज्या तालुका-नकाशांवांचून व वॉर्डयाद्यांवांचून त्या शब्दांना अर्थ नाहीं, ते कागद रद्दींत जातात. उजनीच्या जलाशयाखालीं गेलेल्या गांवांच्या सीमा आज जागेवर जाऊन पाहतां येत नाहींत. त्या जुन्या गांवनकाशांतच राहिल्या आहेत.

आपले वाचक बखरी, महजर, सनदा जपून ठेवतात. त्याच कपाटांत १९५१ पासूनच्या मतदारयाद्यांचीं मुखपृष्ठें, नगरपालिकांच्या वॉर्डरचनेच्या अधिसूचना व तालुक्यांचे जुने नकाशे यांसही जागा द्यावी. कागद फाटका असला तरी चालेल. त्यावरची तारीख मात्र फाटूं देऊं नये. कोण कोणाच्या मतानें निवडून आला हें इतिहासकार पुढें विचारणारच, आणि त्या प्रश्नाचें उत्तर ‘कोणत्या भूमींतून’ हें ठरल्यावांचून देतां येणार नाहीं.