वीजवापर आणि आर्थिक वाढ (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

वीजवापर आणि आर्थिक वाढ यांचा परस्परसंबंध हा विकासाच्या अर्थशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. विकसनशील देशांत दरडोई उत्पन्न व दरडोई वीजवापर बहुधा सोबतच वाढतात. मात्र त्यांतील कारण कोणते व परिणाम कोणता, याविषयी एकमत नाही. महाराष्ट्राच्या पूर्वेकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत वीज निर्माण होणे आणि ती स्थानिक उत्पादनासाठी वापरली जाणे यांतील फरक ठळकपणे दिसतो.

गृहीतके

जॉन क्राफ्ट व आर्थर क्राफ्ट यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून, राष्ट्रीय उत्पन्न वाढल्याने ऊर्जावापर वाढतो, असा निष्कर्ष मांडला. पुढील अभ्यासांतून चार गृहीतके रूढ झाली: वीजवापरामुळे आर्थिक वाढ होते, आर्थिक वाढीमुळे वीजवापर वाढतो, दोन्ही एकमेकांना चालना देतात, किंवा दोहोंत कार्यकारणसंबंध नसतो. पहिले गृहीतक खरे असल्यास वीजटंचाईमुळे वाढ खुंटते; दुसरे खरे असल्यास वीजबचतीने वाढीस फारशी बाधा येत नाही.

वीजनिर्मिती

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट असून त्यास परिसरातील खाणींतून कोळसा व इरई धरणातून पाणी मिळते. १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी येथील वीज ठाणे जिल्ह्यातील पडघे येथे पोहोचवते. त्यामुळे या विजेवर आधारलेली उत्पन्नवाढ मोठ्या प्रमाणात राज्याच्या पश्चिम भागात होते. राख व हवेचे प्रदूषण मात्र निर्मितीस्थळी राहते.

वीजवापर

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, सिमेंट कारखाने व बल्लारपूरची कागद गिरणी हे विजेचे मोठे ग्राहक आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन बनलेल्या गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाच्छादित आहे. भातशेती, तेंदूपाने व बांबू ही तेथील उपजीविकेची प्रमुख साधने असून त्यांपैकी वनोपज गोळा करण्यास विजेची गरज नसते.

विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत वाहिनी नेताना वनजमिनीचा प्रश्न येतो. वन हक्क कायदा, २००६ नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने वीजवाहिन्यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. २००४ च्या व्याख्येप्रमाणे गावातील किमान १० टक्के घरांना जोडणी मिळाल्यास, अन्य अटींसह, गाव विद्युतीकृत मानले जाई. सर्व घरांना जोडणी देण्याच्या उद्देशाने २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाली.

घरगुती जोडणीमुळे प्रकाश व अभ्यासाची सोय होते. उत्पन्नवाढीसाठी मात्र कृषिपंप, भातगिरणी किंवा वनोपज प्रक्रिया यांना पुरेल असा खात्रीचा पुरवठा, तसेच भांडवल, रस्ते व बाजारपेठ यांचीही आवश्यकता असते.